शेऱ्याचा रकाना

‘ताई, यात शेरा कुठं लिहायचा?’

१ एप्रिल २०२४. सोमवार होता. नवी मुंबईत रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात नव्या सॉफ्टवेअरचा पहिला दिवस संपत आला होता. सकाळी कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला, मालकांनी स्वतः पेढे वाटले. संध्याकाळी साडेसातपर्यंत अडतीस जीआरएन (आलेल्या मालाच्या नोंदी), एकोणीस इश्यू (दिलेल्या मालाच्या) आणि जॉबवर्कची, म्हणजे बाहेर काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाची, सहा चलनं नव्या सिस्टीममध्ये चढली होती आणि एकही बिल अडलं नव्हतं. मी स्टोअरमध्ये गेले ती शाबासकी द्यायलाच. स्टोअरचे काका चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनजवळ वाकले होते आणि माऊसचा बाण एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात सावकाश नेत होते. मान न वळवताच त्यांनी विचारलं. मी वाकून बघितलं. कोड, नाव, एकक, एचएसएन (करासाठीचा मालाचा कोड), नग, रॅक, बॅच, दर. शेरा नव्हता. ‘शेऱ्याचं काय काम काका? सगळी माहिती आहे की यात,’ मी म्हटलं. ते ‘बरं’ म्हणाले. मग शर्टाच्या खिशातून लाल पुठ्ठ्याची छोटी वही काढली, तीत दोन ओळी लिहिल्या आणि पेन्सिलीसकट ती परत खिशात गेली.

ठाण्याला परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली तरी डोळा लागला नाही. ऐरोली गेलं, दिघागाव गेलं, उजव्या हाताला पारसिकचा डोंगर अंधारात सरकत होता आणि माझ्या डोक्यात ते ‘बरं’. वीस वर्षं कारखान्याच्या हिशेबात काढल्यावर ‘बरं’चे प्रकार कळायला लागतात. एक ‘बरं’ पटल्याचं असतं, एक वाद नको म्हणून असतं, आणि एक असतं ते ‘तुम्हाला कळेल तेव्हा कळेल’ असं. हे तिसरं होतं. पण त्या रात्री मी दमलेले होते आणि खरं सांगायचं तर खूश होते.

हे सॉफ्टवेअर आणायचं ठरलं त्याला कारणं भरपूर होती. जुनं म्हणजे मालकांच्या ओळखीतल्या एका प्रोग्रॅमरनं २००३ साली फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसच्या भाषेत लिहून दिलेला निळा पडदा. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला तेव्हा त्यानंच रात्री जागून त्याला ठिगळ लावलं. मायक्रोसॉफ्टनं फॉक्सप्रोचा सपोर्ट २०१५ मध्येच थांबवला होता, पण चालतंय तोवर चालू द्या, असं आमचं चाललं होतं. मग २०२३ च्या ऑगस्टपासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं आणि आम्ही प्रत्येक बिल एकदा निळ्या पडद्यावर आणि एकदा सरकारी पोर्टलवर असं दोनदा मारायला लागलो. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला ऑडिट ट्रेल हवी, असा नियम आला होता. कुठल्या नोंदीत कोणी, कधी, काय बदललं याचा माग सॉफ्टवेअरनंच ठेवायचा, आणि तो कुणालाही बंद करता येता कामा नये. आमच्या निळ्या पडद्यावर मागच्या महिन्याचं बिल खोडून नवं लिहिलं तरी त्याचा मागमूस राहत नसे. ऑडिटरसाहेब म्हणाले, ‘मला अहवालात लिहावं लागेल.’ मालकांनी त्याच आठवड्यात मला केबिनमध्ये बोलावलं. ‘मॅडम, हे तुम्हीच बघा.’

मी बघितलं. मन लावून बघितलं. तीन कंपन्यांचे लोक डेमोला आले, लॅपटॉप प्रोजेक्टरला लागले, पडदे ओढले गेले. प्रत्येकाच्या डेमोत पाचच आयटम, दोनच गिऱ्हाईकं, आणि सगळा माल वेळेवर येणारा. खरेदी झाली, जीआरएन झाला, बिल झालं, रंगीत आलेख वर चढला. मालकांना मोबाईलवर रोजची विक्री दिसणार हे आवडलं, प्रॉडक्शनवाल्यांना प्लॅनिंगचा तक्ता आवडला, मला ट्रायल बॅलन्स एका क्लिकवर मिळत होता. माझ्याकडे एक्सेलमध्ये १४० मुद्द्यांची यादी होती, प्रत्येकापुढे तीन रकाने: आहे, नाही, करून देऊ. ‘करून देऊ’ला किती दिवस आणि किती पैसे, तेही विचारून लिहिलेलं. ती यादी मी अजून ठेवली आहे. मध्यंतरी पुन्हा वाचली. अकाउंट्सचे ५२ मुद्दे, सेल्सचे ३१, मग खरेदी, प्रॉडक्शन, पगार. स्टोअरपुढे ‘स्टॉक रिपोर्ट’ एवढीच ओळ. स्टोअरच्या काकांना मी डेमोला बोलावलंच नव्हतं. ते तेव्हा माल उतरवून घेत होते.

आज कुणी विचारलं, सॉफ्टवेअर निवडताना काय बघावं, तर मी सांगेन की त्यांचा डेमो बघू नका, आपला सगळ्यात वाईट दिवस त्यांच्यासमोर ठेवा. आमचा वाईट दिवस असा असतो: हार्डनिंगला, म्हणजे तापवून कडक करायला, दोनशे शाफ्ट गेलेले, परत आले १९२, त्यातले नऊ बाक आलेले, आठ तिकडेच राहिलेले, बिल मात्र पूर्ण दोनशेचं, टेम्पो गेटवर उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि गिऱ्हाईकाची माणसं इन्स्पेक्शनला येऊन बसलेली. त्या राहिलेल्या आठांचा हिशेब सोडूनही चालत नाही, कारण जॉबवर्कला गेलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर कायदा तो दिला त्या दिवशी विकला असंच धरतो. हा दिवस काका वहीत तीन ओळींत बसवायचे. नव्या सिस्टीममध्ये तो बसवायला आम्हाला चार स्क्रीन आणि दोन महिने लागले. ‘सिस्टीम घेत नाहीये’ हे वाक्य त्या दोन महिन्यांत मी इतक्यांदा ऐकलं की ते माणसाचं गाऱ्हाणं आहे हेच विसरायला झालं. शॉपफ्लोअरवरचा मुलगा ‘सिस्टीम घेत नाही’ म्हणतो, तेव्हा त्याच्या हातात काहीतरी खरंखुरं, वजनदार असतं आणि ते ठेवायला पडद्यावर जागा नसते.

त्याआधी, जानेवारी ते मार्च, आम्ही मास्टर, म्हणजे सिस्टीमच्या मूळ याद्या, साफ केले होते. जुन्या यादीत ६,८०० आयटम. एकाच बोल्टची सात नावं, कुठे हेक्स बोल्ट, कुठे बोल्ट हेक्स, कुठे नुसतं ‘बोल्ट मोठा’. सॉफ्टवेअर कंपनीचा एक हुशार, कष्टाळू मुलगा रोज घणसोलीहून यायचा आणि माझ्या शेजारी बसून नावं जुळवायचा. एका दुपारी म्हणाला, ‘मॅडम, सूत हे एकक लिस्टमध्ये नाहीये.’ मी हसले नाही, कारण सूत मला वडिलांपासून माहीत होतं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर आणि वर थोडंसं. ‘मग दहा करू?’ त्यानं विचारलं. यादी लांब होती, घड्याळात पाच वाजले होते. मी ‘कर’ म्हटलं. तीन सूतचे १४० बोल्ट एम १०, म्हणजे दहा मिलिमीटरच्या बोल्टच्या कोडमध्ये मिसळले, आणि काही दिवसांनी हेल्परनं स्क्रीनवरच्या रॅकप्रमाणे दोन्ही खोकी एका खोक्यात ओतली.

मे महिन्यात मेंटेनन्सचा फिटर माझ्या टेबलाशी आला आणि त्यानं तळहात उघडून एक बोल्ट दाखवला. चकचकीत, नवा, डोक्यावर ग्रेडचा आकडा. ‘हा जुन्या प्रेसला जात नाही. एक आटा धरतो आणि अडतो.’ आमचा तो प्रेस जुन्या इंग्रजी आट्यांचा, तीन सूतचा. एम १० चा बोल्ट त्याच्यापेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि आट्यांमधलं अंतरही किंचित वेगळं. त्या फिटरच्या जागी उतावळा माणूस असता आणि त्यानं पान्याला पाईप लावून जोर केला असता, तर प्रेसच्या बॉडीतले आटे गेले असते. स्क्रीनवर माझा स्टॉक अगदी बरोबर होता. एकही नग कमी-जास्त नाही.

काकांनी दोन संध्याकाळी बसून ते खोकं निवडलं. मी जवळ उभी राहून बघत होते. डाव्या हातात प्रेसचा एक जुना नट धरायचा, उजव्या हातातला बोल्ट त्यात दोन बोटांनी फिरवायचा. गेला तर इकडे, अडला तर तिकडे. मापाची पट्टी नाही, व्हर्निअर नाही. बोटांना तेल लागलेलं, ट्यूबलाईटखाली नटाची कड चमकायची, आणि दर वेळी बोल्ट टाकला की पत्र्याच्या ट्रेमध्ये टण् असा आवाज. मी ‘चूक माझी आहे काका’ म्हटलं. ते म्हणाले, ‘नाव एकच पडलं की माल एक होतो व्हय ताई?’ पण रागानं नाही. हात थांबला नाही त्यांचा.

माझे वडील वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर बावीसवर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. एमआयडीसी १९६२ साली झाली आणि तिची पहिली वसाहत ठाण्यात वागळे इस्टेटला उभी राहिली, हे ते असं सांगायचे जणू विटा त्यांनीच वाहिल्या होत्या. प्रत्येक रॅकला सुतळीनं एक बिन कार्ड टांगलेलं असे: तारीख, आवक, जावक, शिल्लक आणि शेवटी शेरा. कारखाना बंद पडला तेव्हा बाबांनी न वापरलेल्या बिन कार्डांचा एक गठ्ठा घरी आणला. त्यांच्या पाठीवर मी गणितं केली, आईनं दुधाचा हिशेब लिहिला, गठ्ठा कितीतरी वर्षं पुरला. कोऱ्या कार्डांमध्ये चुकून एक भरलेलं आलं होतं. आवक-जावक निळ्या शाईत, शेऱ्यात पेन्सिलीनं: ‘खालचा थर ओला, आधी तो काढा.’ मला तेव्हा आकड्यांपेक्षा ती ओळ वाचायला आवडायची. रोड नंबर बावीसवर आता काचेच्या इमारती आहेत, गळ्यात कार्ड अडकवलेली मुलं-मुली चहाच्या टपरीवर उभी असतात. मी तिथून रिक्षानं जाते तेव्हा अजून त्या शेडचं छप्पर शोधते.

त्याच बाबांची मुलगी मी. आणि मी काकांना विचारलं होतं, शेऱ्याचं काय काम.

त्या उन्हाळ्यात मी रात्री मोबाईलवर दुसऱ्यांच्या फसलेल्या सॉफ्टवेअरच्या कहाण्या वाचत बसायचे. अमेरिकेतली हर्शी ही चॉकलेटची मोठी कंपनी, १९९९ साली तिनं तीन नव्या सिस्टीम जवळजवळ एकदमच चालू केल्या, त्याही हॅलोविनच्या ऑर्डरींच्या तोंडावर. गोदामात चॉकलेट होती, दुकानदार मागत होते, आणि कंपनीला ती पोचवता येत नव्हती. एवढ्या मोठ्यांचं असं झालं हे वाचून धीर येईल असं वाटलं होतं. आला नाही. मला सारखी ती गोदामं दिसत राहिली, आणि तिथेही कुणीतरी खिशात वही घेऊन उभा असेल, असं वाटत राहिलं.

जूनमध्ये काका गावी गेले, पाटणकडे. धाकट्या मुलीचं बाळंतपण होतं, शिवाय पेरणी. अकरा वर्षांत पहिल्यांदा सलग पंधरा दिवसांची रजा, आणि ती मीच मंजूर करून घेतली होती. ‘आता सिस्टीम आहे काका, निवांत जा,’ असं मी म्हटलं होतं आणि मनापासून म्हटलं होतं. आधी ते एक दिवस जरी आले नाहीत तरी दहा फोन जायचे. सॉफ्टवेअरनं त्यांना हे पंधरा दिवस दिले, ही गोष्ट मी आजही त्याच्या बाजूनं धरते. काका गेले आणि चौथ्या रात्री रबाळ्यात पाऊस झोडपून पडला. सकाळी स्टोअरमधल्या मुलानं फोन केला. ब-३ रॅकवर वेल्डिंग रॉडचे अकरा बॉक्स होते, वरचा पत्रा गळत होता, बॉक्सचा पुठ्ठा हाताला चिकटत होता. दमट रॉड भट्टीत तापवून घेता येतात, पण यांचं आवरण फुगून गळून आलं होतं. मुलानं त्यातले दोन त्याआधीच देऊन टाकले होते, आणि वेल्डिंगच्या ओळीत पोळ्याला असतात तशी बारीक भोकं पडली होती. रॉडना ब-३ ही जागा मी दिली होती. मार्चमध्ये, नकाशावर. तो रॅक रिकामा दिसला म्हणून.

काका परत आल्यावर मी त्यांना विचारलं, की १ एप्रिलला वहीत काय लिहिलंत? त्यांनी पानं उलटली आणि वाचून दाखवलं: ‘रॉड ब-३ ला. पावसाआधी हलवणे.’

त्यानंतर मी सॉफ्टवेअर कंपनीशी भांडून शेऱ्याचा रकाना घेतला. आधी त्यांनी चाळीस अक्षरांचा दिला. त्यात मराठी टाईप केलं की सेव्ह होताना नुसती प्रश्नचिन्हांची रांग. पुन्हा भांडले. दोन दिवसांच्या कामाचं बिल लागलं, मालकांनी काही न बोलता सही केली. आणि मग जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत, आठवड्यातून दोनदा, पाळी सुटल्यावर काका आणि मी तासभर बसायचो. वही त्यांनी माझ्या हातात दिली नाही, मी मागितलीही नाही. त्यात मालाच्या नोंदींच्या मध्ये सोसायटीच्या कर्जाचे हप्ते होते, पाटणच्या एसटीच्या वेळा होत्या, मुलीची तारीख होती. ते वाचायचे, अधूनमधून एखादं पान गप्पपणे उलटायचे, मी टाईप करायचे. ‘याचं रबर उन्हानं कडक होतं, खिडकीपासून लांब.’ ‘मोजू नका, वजनावर घ्या.’ ‘हा पार्टीवाला महिनाअखेर माल पाठवत नाही, वीस तारखेच्या आत सांगा.’ ‘तीन सूत. एम १० नव्हे. जुना प्रेस.’ बाहेर कंप्रेसर बंद झालेला असायचा, स्टोअरमध्ये ग्रीसचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास, कँटीनचा मुलगा शेवटचा चहा ठेवून जायचा. त्या संध्याकाळी मला या नोकरीत मिळालेल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी आहेत. साधारण तीनशे शेरे झाले.

डिसेंबरअखेर काकांची अठ्ठावन्न पूर्ण होत होती. आमच्याकडे चांगल्या माणसाला वर्ष-दोन वर्षं वाढवून देतात, त्यामुळे मी गृहीतच धरलं होतं. नोव्हेंबरमध्ये मालकांनी केबिनमध्ये विचारलं, ‘काकांकडचं सगळं आता सिस्टीममध्ये आलंय ना?’ मी ‘हो’ म्हटलं. अभिमानानं म्हटलं. ते म्हणाले, ‘मग नवा मुलगा सांभाळेल. ऑर्डरी कमी आहेत, तुम्हाला माहीतच आहे.’ मला माहीत होतं, आकडे मीच त्यांना दिले होते. मी बोलले, की सगळं असं कधीच येत नसतं, निदान एक वर्ष ठेवू या. त्यांनी ऐकून घेतलं. मालक वाईट नाहीत. मार्चपर्यंतच्या पगारांची जुळणी त्यांनाच करायची होती. पण माझा ‘हो’ आधी तोंडातून गेला होता. काकांना मी हे सगळं जसं झालं तसं सांगितलं. ते म्हणाले, ‘गावाकडं घराचं काम काढलंय. बरं झालं.’ या ‘बरं’चा प्रकार मला अजून लागलेला नाही. तीनशे शेरे मी टाईप केले नसते तर ते आज स्टोअरमध्ये असते का? आणि नसते केले, तर मी कशाच्या जोरावर त्यांच्याशेजारी उभी राहिले असते? या दोन प्रश्नांच्या मध्ये मी गेले कित्येक महिने ये-जा करते आहे, रबाळे ते ठाणे, ठाणे ते रबाळे.

३१ डिसेंबरला साडेचारला शाल-श्रीफळ झालं, घड्याळ दिलं, फोटो झाले. काका चार वाक्यं बोलले.

मार्च संपताना ऑडिटसाठी मी ऑडिट ट्रेलचा रिपोर्ट काढला. शेकडो ओळी: युजर, तारीख, वेळ, जुनी नोंद, नवी नोंद. खाली सरकवता सरकवता काकांचा युजर आयडी दिसला. ३१ डिसेंबर २०२४, १७:४२. म्हणजे निरोप झाल्यावर, शाल बाजूला ठेवून, ते पुन्हा स्टोअरमध्ये गेले होते आणि एका बोटानं टाईप करत बसले होते. बदललेली नोंद एकच, रॅक ब-३ चा शेरा. जुनी: ‘पाऊस लागला की रिकामा ठेवणे. वरचा पत्रा गळतो.’ नवी: ‘पत्रा दिवाळीनंतर बदलला. एक पाऊस बघा, मग माल ठेवा.’ पत्रा बदलल्याचं मला माहीतही नव्हतं. मी तो रिपोर्ट ऑडिटरसाहेबांना पाठवला आणि त्या एका ओळीची प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवली.

२०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला. २६ तारखेला, सोमवारी, मान्सून मुंबईत पोचल्याचं जाहीर झालं तेव्हा ठाण्यात सकाळपासून धार लागली होती. कारखान्यात पोचेपर्यंत साडीचा काठ पोटरीला चिकटलेला, छत्रीची एक काडी मोडलेली. पंचिंग करून मी टेबलाकडे न जाता थेट स्टोअरकडे वळले. शेडच्या पत्र्यावर पावसाचा एवढा आवाज होता की हाक मारली तरी ऐकू गेली नसती. आत लाईट अजून लावलेले नव्हते. ब-३ रिकामा होता. नवा मुलगा त्याच्यासमोर मोबाईलची बॅटरी वर धरून, मान मागे टाकून, पत्र्याच्या जोडाकडे बघत उभा होता.